यंदा स्टुलावर चढणार नाही

२६ ऑगस्ट

चि. डब्यास आत्याचे भरघोस आशीर्वाद.

पाकीट पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं मी मनाने भरते आणि मग आपली भांडणं होतात. एकतीस वर्षं बस स्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या वेळा पुकारल्या. खिडकीखाली गाड्या सतत धुरळा आणि घरघर करत उभ्या. कान गेले, त्याला मी काय करू? आवाज मात्र शाबूत आहे. परवा मी खिडकीतून दूधवाल्याला हाक मारली, तर समोरच्या इमारतीतून दोघं जण खाली उतरून आले.

तर आता नीट लक्ष दे. ९ ऑक्टोबरला तुला चाळीस पूर्ण होतात. मी आदल्या दिवशी निघून ९ तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमारास तुझ्याकडे पोचणार. स्टूल बरोबर आणणार. हो, तेच. त्याचा चौथा पाय नवीन बसवून घेतला आहे.

तुझ्या बायकोला आपल्या घरची रीत पुरती माहीत नसेल, तर हे तिला वाचून दाखव. वाढदिवसाच्या माणसाला स्टुलावर उभं करायचं. खाली जमलेल्या प्रत्येकाने त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट बोलायची. एकच, आणि ती खरी हवी. दुसऱ्याने सांगितलेली परत सांगायची नाही. ही रीत मी सुरू केली आणि माझ्या वहीत आजमितीला सत्तावीस माणसांच्या तारखा आहेत. सगळी चढली. एक तूच लग्न झाल्यापासून चढला नाहीस. दर वर्षी म्हणे ड्यूटी. लिफ्टसुद्धा नेमक्या ९ ऑक्टोबरलाच बिघडतात, नाही का?

या वेळी सुटका नाही. केकचं बघून ठेवायला सांग.

तुझी,
आत्या

३ सप्टेंबर

ती. आत्यास सा. नमस्कार.

तू येणार हे वाचून आनंद झाला. पण ९ ऑक्टोबरला येऊ नकोस. गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलच्या लिफ्टचे दोर बदलायचे आहेत आणि ते काम नेमकं त्याच दिवशी ठरलं आहे. मी रात्रीपर्यंत तिथेच असेन. तू १५ तारखेनंतर ये, हवी तितकी राहा, स्टूल तेवढं घरी ठेव.

तू चिडशील म्हणून कारणही सांगतो. मला वाढदिवस आवडत नाही. लोक भोवती गोळा होऊन गाणं म्हणतात तेव्हा तोंड कसं ठेवायचं हे मला अजून समजलेलं नाही. हसत राहिलं तर खुळा दिसतो, गंभीर राहिलं तर मयताला आल्यासारखा वाटतो. हातांचं काय करायचं? टाळ्या वाजवाव्यात तर आपणच आपल्याला वाजवल्यासारख्या होतात. शिवाय केकवर एकाने जोरात फुंकायचं आणि मग तो बाकीच्यांनी खायचा, हे ज्याने शोधून काढलं त्याला कुणी जाब कसा विचारला नाही?

काहींना कारलं आवडत नाही. त्यांना कुणी दोन पानी पत्र पाठवून जाब विचारतं का? माझं तसंच समज.

पोरगी मजेत. तिचे पुढचे दोन दात पडले आहेत.

तुझा,
डब्या

१० सप्टेंबर

चि. डब्यास आशीर्वाद.

हॉस्पिटल म्हणे! माणूस थापा मारायला लागला की आधी हॉस्पिटलच उभं करतो. स्थानकावर उशिरा येणारा प्रत्येक ड्रायव्हर मला हॉस्पिटलच सांगायचा. ही गाडी माझ्यासमोरून हजार वेळा गेलेली आहे.

आणि कारल्याचं म्हणशील तर, कारलं कधीच खाल्लं नाही असा माणूस त्याला नावं ठेवतो. तुझं तसं नाही. तुझा सहावा वाढदिवस मी विसरेन का? काय थाटाचा झाला होता! घरात अकरा माणसं, भिंतीला रंगीत कागद, आणि तू नव्या सदऱ्यात स्टुलावर उभा. तुला तिथे इतकं आवडलं होतं की उतरायलाच तयार नव्हतास. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून उतरवलं. असा हौशी मुलगा मोठेपणी असा घुम्या कसा झाला, देव जाणे.

तुझ्या लेकीला मी वेगळं पत्र लिहिलं होतं. तिचं उत्तर कालच आलं. अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. ती लिहिते, 'आत्याआजी, बाबाबद्दल कुठली एक चांगली गोष्ट सांगायची, याचा मी चार दिवस विचार करते आहे. अजून ठरत नाही.'

बघ, पोर कशी कामाला लागली आहे! तिचा हिरमोड करू नकोस.

तुझी,
आत्या

१७ सप्टेंबर

ती. आत्यास सा. नमस्कार.

तू लिहिलेला सहावा वाढदिवस कुणा दुसऱ्याच मुलाचा असावा. मी ज्या वाढदिवसाला हजर होतो त्याची हकीकत ऐक.

माझ्या आधी दोन महिने ताई त्या स्टुलावर उभी राहिली होती. तिचा गळा गोड, तिचं अक्षर मोत्यासारखं, आजीचा हरवलेला चष्मा फक्त तिलाच सापडतो. एकेकाला बोलायला वेळ पुरेना. मग माझी पाळी आली. मी वर चढलो आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. कुणी बोलेना. काकांनी छताकडे पाहिलं. आजीने चष्मा पुसला. बाबांनी घसा खाकरला, मला वाटलं आता बोलणार, पण ते नुसतंच खाकरणं होतं. मी वरून सगळ्यांची डोकी मोजली. दोन टकलं होती. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर एक इयत्ता सरल्यासारखी वाटली. शेवटी तू बोललीस. स्थानकावरच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणालीस, 'याला भूक चांगली लागते.'

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काका म्हणाले, झोपही चांगली लागते. कुणी म्हणालं, पाणीही भरपूर पितो. बाबा म्हणाले, कधी आजारी पडत नाही. आत्या, हे बैलाचे गुण आहेत गं. बैल विकायला उभा केला की हेच सांगतात. माझे दात तेवढे कुणी मोजले नाहीत. त्या दिवसापासून तू मला डब्या म्हणायला लागलीस आणि आज चाळिशीतही मी डब्याच आहे. आणि मी उतरायला तयार नव्हतो हे साफ खोटं. माझे पाय लटलटत होते, उतरता येत नव्हतं.

आता खरं बोललोच आहे तर सगळंच सांगतो. वय वाढल्याचं मला काही वाटत नाही. भीती वाटते ती त्या शांततेची. मी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन जातो आणि संध्याकाळी ग्रीस माखून घरी येतो. पोरीने सांगावं असं माझ्यात काय आहे? ती चार दिवस विचार करते आहे म्हणून तू खूश झालीस, मी मात्र धास्तावलो. ती माझ्यासमोर उभी राहील, माझ्याकडे बघत बसेल, तिला काही सुचणार नाही, आणि शेवटी म्हणेल, बाबाला भूक चांगली लागते. सहाव्या वर्षी मी ते ऐकून घेतलं. तिच्या तोंडून मला ऐकवणार नाही.

आणि एक विचारू? तुझ्या वहीत सत्तावीस नावं आहेत, त्यात तुझं कुठे आहे? तुझा वाढदिवस कधी असतो हे घरात कुणालाच ठाऊक नाही. मी बाबांनाही विचारलं होतं, ते म्हणाले, पावसाळ्यानंतर कधीतरी. दुनियेला वर चढवतेस आणि स्वतः खाली उभी राहतेस. असं का?

तुझा,
डब्या

२५ सप्टेंबर

चि. डब्यास.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

९ ऑक्टोबरला संध्याकाळी पाच वाजता येणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. स्टूल माळ्यावर टाकून दिलं.

माझ्या वाढदिवसाचं म्हणशील तर तो येतो आणि आपला आपण होऊन जातो. त्यात विचारण्यासारखं काही नाही.

सोबत तुझ्या लेकीसाठी चिकटवलेली चिठ्ठी आहे. ती तिची तिला दे. उघडू नकोस.

आत्या

१ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. नमस्कार.

माझं पत्र तुला लागलं असेल तर माफ कर. तू आपणहून बेत मोडलास, मनावरचं ओझं उतरलं. तू समजूतदार आहेस, हे मी बायकोलाही सांगितलं. ती का हसली ते कळलं नाही.

चिठ्ठी पोरीला दिली. उघडली नाही, उजेडाला धरूनसुद्धा बघितली नाही. तिने ती वाचली, तीन उड्या मारल्या आणि चिठ्ठी मोज्यात लपवली. काय होतं त्यात, हे मी विचारलं नाही. तुमचं तुम्हाला.

प्रकृतीला जप.

तुझा,
डब्या

१८ ऑक्टोबर

चि. डब्यास अनेक आशीर्वाद.

मी घरी सुखरूप पोचले. स्टूलही पोचलं.

आधी माझा गुन्हा कबूल करते. त्या चिठ्ठीत मी येणार आहे आणि बाबाला सांगू नकोस, एवढंच लिहिलं होतं. टपालवाला म्हणून तुझाच वापर केला. तू उघडणार नाहीस याची मला खात्री होती.

लिफ्टचं मनाला लावून घेऊ नकोस. अडकले म्हणजे काय, चाळीस मिनिटं. स्टूल बरोबर होतं, त्यावर बसले, जरा डोळा लागला. बंद डब्यात एकटं माणूस दुसरं काय करणार? तू गावाबाहेरच्या हॉस्पिटलातून बातमी कळल्याबरोबर आलास, तुझी कंपनी तत्पर आहे हो. पण दार उघडलंस तेव्हा तुझे डोळे लाल होते आणि नाक वाहत होतं. ग्रीसचा वास सोसत नसेल तर डॉक्टरला दाखव. हयगय करू नकोस.

तुमच्या इमारतीत पाहुण्यांची कदर मात्र फार. निघताना प्रत्येक मजल्यावरची माणसं दारात येऊन मला नमस्कार करत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर मिठीच मारली. मी त्यांना ओळखत नाही, पण मीही मारली.

आणि तुझी लेक! तू तिच्या गप्प राहण्याला उगाच भीत होतास. तिच्याकडे सतरा गोष्टी होत्या आणि आपला नियम एकच सांगायचा, म्हणून बिचारी अडून बसली होती. तिने निवडली तीही काय सुरेख निवडली! 'लिफ्टमध्ये कुणी अडकलं की माझा बाबा आधी वरून त्यांच्याशी गप्पा मारतो आणि मग हत्यार काढतो. एका आजोबांना भीती वाटत होती तर बाबाने त्यांच्याकडून एकोणीसचा पाढा म्हणून घेतला. आजोबा चुकले तेव्हा लिफ्ट सुरू झाली होती तरी बाबाने तो पुन्हा म्हणायला लावला.' तू तिला एकदा कामावर नेलं होतंस म्हणे. स्टुलावर तुझं तोंड कसं झालं होतं ते मी बघितलं. तोंड कसं ठेवायचं हा प्रश्न त्या वेळी तुला पडला नव्हता.

माझ्याशी मात्र वरून कुणी गप्पा मारल्या नाहीत. माझा राग नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुझं सप्टेंबरचं पत्र वाचल्यापासून मी तयारी करत होते. या वेळी तुझ्याबद्दल असं काही बोलायचं की मागचं सगळं भरून निघावं. अगदी पाठ करून आले होते. माझी पाळी आली, मी तुझ्याकडे वर पाहिलं, सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले आणि माझी पाटी कोरी झाली. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? 'याला भूक चांगली लागते.'

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आणि तुम्ही सगळे हसलात. टाळ्या वाजवल्यात. तू स्टुलावरून उडी मारून माझ्या गळ्यात पडलास. तुझी बायको डोळे पुसत होती. म्हातारीची लाज झाकायला तुम्ही हे केलंत, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. नऊ दिवस मला धड झोप नाही. एकच वाक्य आणि तेही एकाच माणसाला दोनदा. मला माफ कर बाळा.

तुझी,
आत्या

२५ ऑक्टोबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

हे पत्र वाचताना आधी बसून घे. स्टुलावर नको, खुर्चीवर.

हॉस्पिटल नव्हतंच. तुझं बरोबर होतं. मी कंपनीत ड्यूटी मागितली होती, पण साहेबांनी 'चाळीस झाले ना, घरी जा' म्हणून दुपारीच पिटाळलं. आमच्या इमारतीत शिरलो तर सातव्या मजल्यावरून फुग्यांचा आवाज आणि बायकोचं दबक्या आवाजातलं ओरडणं. जिन्याने चढत होतो, तो पाचव्या मजल्यावरच थांबलो. आमच्या लिफ्टची देखभाल आमच्याच कंपनीकडे असते आणि केबिनच्या डोक्यावर दुरुस्तीसाठी माणूस बसेल एवढी सपाट जागा असते. माझ्याजवळच्या किल्लीने मजल्याचं दार उघडलं की लिफ्ट असेल तिथे थांबते. ती थांबली, नेमकी माझ्या पायाखाली. मी छतावर उतरलो, खटका बंद केला, मांडी घातली आणि दुपारचा उरलेला डबा उघडला. आठ वाजेपर्यंत तिथून हलायचं नाही असा बेत होता. लिफ्ट बंद करण्याआधी आत कुणी नाही ना, हे बघायचं असतं. अठरा वर्षांत मी पहिल्यांदा बघितलं नाही.

पहिला घास घेतला आणि खालून आवाज आला. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सातव्या मजल्याकडे जाणारी लिफ्ट अनिश्चित काळासाठी थांबली आहे.'

घास घशातच राहिला. अडकलेल्या माणसाशी आधी बोलायचं हा माझा नियम, पण बोलणार काय? आत्या, मी तुझ्या डोक्यावर बसून जेवतो आहे, असं सांगू? शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तू तालीम सुरू केलीस. मग माझ्याने हाकही मारवेना आणि हलवेना. डोळा लागला होता म्हणे! तू काय बोललीस ते मला पाठ झालं आहे. लिहूनच काढतो, म्हणजे तुला नाकबूल करता येणार नाही.

'डब्या, नीट उभा राहा. चौतीस वर्षांपूर्वी याच दिवशी घरी तुझी सजावट चालली होती, म्हणून सकाळीच तुला माझ्याकडे स्थानकावर आणून सोडलं होतं. आज तुला झाली तशी त्या दिवशी मला चाळीस पूर्ण झाली. आपला दोघांचा दिवस एकच. तू जन्मलास आणि तो दिवस तुझा झाला. मीच सगळ्यांना म्हणायचे, माझं काय करायचंय, मी काय लहान आहे? लोकांनी ते खरं मानलं, एवढीच माझी तक्रार. त्या दिवशी मी माइक बंद करून रडत बसले. तू शेजारी होतास. काही विचारलं नाहीस. माझा डबा तसाच भरलेला. मी म्हणाले, हा असा घरी गेला तर आई कारण विचारेल आणि मला सांगावं लागेल. तू तो ओढून घेतलास. तुझा तू आधीच खाल्ला होतास. तरी माझे तिन्ही कप्पे संपवलेस. शेवटचा घास तुझ्या घशाखाली उतरत नव्हता, डोळ्यांतून पाणी आलं, पण उतरवलास. आणि घरी एका शब्दाने बोलला नाहीस. संध्याकाळी तू स्टुलावर उभा राहिलास तेव्हा मला दुसरं काही आठवेचना, आणि ते सांगावं तर माझंच बिंग फुटणार. म्हणून म्हणाले, याला भूक चांगली लागते. मला तेवढंच बोलता आलं.'

मग तू नाक शिंकरलंस आणि म्हणालीस, 'ही सूचना पुन्हा एकदा देण्यात येत आहे.' आणि सगळं पहिल्यापासून म्हणालीस. एकूण तीनदा.

आत्या, लिफ्टची विहीर म्हणजे आठ मजल्यांचा कर्णा असतो. त्यात तुझा आवाज. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मिक्सर बंद केला. दुसऱ्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर पेशंटचं तोंड तसंच उघडं ठेवून दारात आला आणि मागोमाग पेशंटही आला. वॉचमन पहिल्यांदा बसला होता, दुसऱ्यांदा उभा राहिला. सातव्यावर माझी बायको आणि पोरगी लिफ्टच्या दाराला कान लावून उभ्या होत्या. म्हणून स्टुलासमोर तू परत भुकेचं वाक्य बोललीस, तेव्हा ते आम्हा सगळ्यांना पुरतं समजलं होतं. कीव कुणीच केली नाही. ग्रीसही माझ्या डोळ्यांना सोसतं.

खरं सांगायचं तर मला तो डबा आठवतच नाही. त्या दिवशी पोट दुखल्याचं आठवतं, मी इतकी वर्षं केकला दोष देत होतो. स्टुलावर पाय लटलटत होते ते भीतीने की दोन डब्यांच्या वजनाने, आता तूच सांग. मी मात्र चौतीस वर्षं एका वाक्यावर रुसून बसलो आणि ते माझ्यावरच्या मायेचं निघालं. आणि तू त्याच चौतीस वर्षांत दर ९ ऑक्टोबरला माझा वाढदिवस जपत होतीस, आणि मी तुला शुभेच्छांची एक ओळ पाठवली नाही. याची मला फार लाज वाटते.

इमारतीतल्या लोकांनी तुझ्यासाठी एकेक चिठ्ठी दिली आहे, एकेकच गोष्ट, नियमाप्रमाणे. सगळ्या सोबत जोडतो. दाताचा डॉक्टर लिहितो, इतके स्वच्छ उच्चार बत्तीस दात असलेल्यांचेही नसतात. वॉचमन लिहितो, लिफ्टमध्ये अडकून मला शिव्या न देणाऱ्या या पहिल्याच बाई. पोरीच्या चिठ्ठीत पाच गोष्टी आहेत, तिला मी एकच ठेवायला सांगितलं तर ती म्हणाली, आत्याआजीचे बरेच वाढदिवस बाकी आहेत.

माझी चिठ्ठी यात नाही. माझी मी तोंडाने सांगणार आहे, तू वर उभी असताना.

तुझा,
डब्या
(हे नाव आता मी स्वतःहून लावतो.)

२ नोव्हेंबर

चि. डब्यास आशीर्वाद.

गाढवा! खाली माणूस अडकलं आहे आणि तू वर बसून जेवतोस? तुझ्या साहेबांना कळवू का? त्यातही घास घशात अडकल्याचं लिहितोस, डबा पुरता संपवलास की नाही ते लिहिलं नाहीस. संपवला असणारच.

तुझं पत्र वाचून आधी मी रागावले. मग आठ मजले आठवून मेल्याहून मेल्यासारखी झाले, दोन दिवस खिडकीतसुद्धा गेले नाही. तिसऱ्या दिवशी दार लावून घेतलं, माळ्यावरून स्टूल काढलं आणि वर चढले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, भिंतीला एक हात टेकून. वरून आपलं घर निराळंच दिसतं रे. कपाटावर किती धूळ आहे! मग तुम्हा सगळ्यांच्या चिठ्ठ्या मी मला वाचून दाखवल्या. तोंड कसं ठेवायचं हे मलाही समजेना. तेवढं तू खरं लिहिलं होतंस.

शेवटची चिठ्ठी झाली आणि टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. मला ऐकू आला म्हणजे किती मोठा असेल बघ. समोरची अख्खी इमारत गॅलरीत उभी होती. दार लावलं, खिडकी लावायची राहिली होती.

वहीत ९ ऑक्टोबरच्या पानावर तुझ्या नावाखाली माझं नाव लिहिलं आहे. सध्या पेन्सिलीने लिहिलं आहे, शाईने तू येऊन लिही. पुढच्या वर्षी तुम्ही तिघं इकडे यायचं. माझ्या इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा तुला लपायला जागा नाही. आधी तू चढ, मग मी चढते. तुझी एक गोष्ट ऐकायची आहे मला, आणि ती भुकेबद्दल असली तर बघ.

त्या दिवशी दोन डबे भरून ठेवते. तुझा तू खा. माझा मी खाईन.

तुझी,
आत्या